बाणा तुटला की माग थांबतो

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात एक जॉबर होता. बिघडलेला माग दुरुस्त करायचा, सगळ्या मागांची वेळ जुळवून ठेवायची, हे जॉबरचं काम. वय चोपन्न, अंगानं आडवा आणि आवाज मोठा, कारण सगळं आयुष्य खटखटाटात गेलेलं. मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला जॉबरमामा म्हणत.

मामाची ख्याती अशी, की शेडच्या दारात उभं राहून नुसत्या आवाजावरून तो कुठला माग बिघडायच्या बेतात आहे ते सांगायचा. टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात. एक खालच्या कापडाचा, एक वरच्या लूपचा. टॉवेलवर लूप कुठं उंच, कुठं बुटके पडायला लागले की नवखा कारागीर पुढं फणीशी झटापट करत बसतो. मामा फणीकडे बघायचाही नाही. मागाच्या पाठीमागं जायचा, लूपच्या बीमचा ताण हातानं चाचपायचा, वजन बोटभर सरकवायचा, आणि पुढं टॉवेल सरळ. हाताखालच्या पोरांना दरडावून सांगायचा, "चूक दिसती पुढं, असती मागं. आधी मागं जा बे."

असल्या माणसाची साखर पाच वर्षं झाली तरी खाली येत नव्हती.

उपाय कमी केले नव्हते. सकाळी कारल्याचा रस झाला, जांभळाच्या बियांची पूड झाली, रात्री भिजवलेली मेथी झाली. सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्ड्यावर, एका माणसानं माइकवरून ओरडून साखर मुळासकट उपटून देण्याची हमी दिली, ते चूर्णही झालं. त्यानं पोट तेवढं बिघडलं. तीन डॉक्टर बदलले. गोळ्या एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. पुण्यात नोकरीला असलेल्या पोरानं मोबाइलवर पावलं मोजायचं काहीतरी टाकून दिलं. मामा त्याला म्हणाला, "एका पाळीत मी शेडमध्ये जेवढा चालतो तेवढा तुझ्या पुण्यात आठवड्यात कुणी चालत नसंल." ते खोटं नव्हतं. गोड त्यानं खरोखर सोडलं होतं. लग्नात जिलेबीचं ताट समोर आलं की हात जोडायचा, आणि तसे जोडलेले हात चारचौघांनी बघावेत अशी त्याची इच्छा असायची.

तोंडाचं मात्र त्याच्या हिशेबात कुठंच नव्हतं. दात घासताना रक्त यायचं, ते कैक वर्षं यायचं. मामाच्या मते ती उष्णता होती. सोलापूरच्या उन्हात जन्म काढलेल्या माणसाला कुठल्याही दुखण्याचं कारण म्हणून उष्णता लगेच पटते, आणि उष्णतेवर गुलकंद बरा, म्हणून जिलेबीला हात जोडणारा हा माणूस रोज रात्री चमचाभर गुलकंद खायचा. ते औषध होतं, गोडात धरायचं नाही. हाताखालचा पोरगा त्याच्याशी बोलताना एक पाऊल मागं सरून उभा राहायचा. मामाला वाटायचं, आदर आहे. खालचे पुढचे दोन दात हलायला लागले तेव्हा बसल्या बसल्या जिभेनं ते हलवायची त्याला सवयच लागली. त्यातला एक त्यानं कारखान्यातच सुताच्या दोऱ्याची गाठ मारून, झटका देऊन काढला आणि बाकीच्यांना दाखवला. "पन्नाशी झाली. पिकलं पान गळायचंच."

दात गेल्यावर ताटही बदललं. हे इतकं हळूहळू झालं की घरात कुणाला तो बदल वाटलाच नाही. आधी कडक भाकरी गेली. सोलापूरकराच्या घरात ज्वारीची कडक भाकरी महिनाभर डब्यात असते. दही घ्या, शेंगाचटणी घ्या आणि कडाकडा चावत बसा. मामाला ती चावेना. मग ताजी भाकरीही कडेकडेनं राहायला लागली. काकडी, गाजर, मोडाची मटकी, मटणाचा तुकडा, जे जे चावावं लागतं ते ते ताटातून उठलं आणि त्याच्या जागी मऊ मऊ आलं. भात आला, पाव आला, सकाळी खारी आली, संध्याकाळी बिनसाखरेच्या चहात बुडवलेले टोस्ट आले. साखर नाही म्हणून तो चहा निर्दोष आणि त्यातले चार टोस्ट त्याहून निर्दोष. मैद्याचं पोटात गेल्यावर काय होतं हे मामाला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण ऐकणाऱ्याचे दात हलत असतील तर तो तरी काय करील?

हे ताट वाढणारी त्याची बायको. गल्लीत सगळे तिला अक्का म्हणत. विडी घरकुलातल्या त्यांच्या घराच्या उंबऱ्यापाशी, उजेड पडतो तिथं, ती मांडीवर सूप घेऊन सकाळपासून विड्या वळत बसायची. सुपात एकीकडे कातरलेली पानं, एकीकडे तंबाखू. बोटं इतकी सरावलेली, की बोलता बोलता, शेजारणीशी भांडता भांडता, टीव्हीवरची मालिका बघता बघता दिवसाला हजाराच्या आसपास विड्या व्हायच्या. अक्का विडी ओढत नव्हती. तिला मिसरी लागायची. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा आणि संध्याकाळी विड्या बांधून झाल्यावर एकदा. तंबाखू लोखंडी तव्यावर काळीठिक्कर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. तवा चढला की शेजारच्या घरातली पोरं खोकायला लागायची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिसरी घरच्या चुलीवर होते, आईकडून लेकीकडे येते आणि दात घासायची वस्तू म्हणून मानानं राहते. तिच्यावर बंदी घालायला जायचं तरी कुणाच्या स्वयंपाकघरात?

अक्का हल्ली शेंगाचटणी खात नव्हती. पित्त होतं म्हणायची. तिच्या पानात आमटीही वेगळी काढलेली, तिखट घालायच्या आधीची. हे घरात कुणी बघितलं नाही. मामाच्या साखरेपुढं दुसऱ्या कुणाच्या पित्ताची चौकशी करायला सवड नव्हती.

मग मामाच्या पायाला नवीन चपलेनं फोड आला. फोड फुटला, जखम झाली, आणि तीन आठवडे झाले तरी ती भरेना. शेजारी एकाचं असंच सुरू होऊन अंगठा कापण्यापर्यंत गेलं होतं, तो आता कुबडीवर चालतो. मामा घाबरला. अक्कानं त्या दिवशीचं सूप उचलून ठेवलं आणि दोघं सिव्हिलला गेले. कागदोपत्री त्याचं नाव श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे, पण रिक्षावाल्याला सिव्हिल म्हटलं की पुरतं.

केसपेपर काढला, रक्त दिलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आला ९.६. तिथला शिकाऊ डॉक्टर पोरगेलाच होता. त्यानं पाय बघितला, मलमपट्टी लिहिली, गोळ्या वाचल्या आणि म्हणाला, "मामा, आ करा."

"साखरेसाठी आलोय ओ मी."

"हो. आ करा."

मामानं आ केला. पोरानं बॅटरी मारली, तोंड जरा बाजूला घेतलं आणि केसपेपरवर दुसऱ्या विभागाचं नाव लिहिलं. मामाला अपमान झाल्यासारखं वाटलं. पाय दाखवायला आलेल्या माणसाला दाताकडं धाडतात! बाहेर आल्यावर अक्काला म्हणाला, "पोरगं आहे. अजून मिसरूड फुटलं नाही. चल घरी." अक्का म्हणाली, "दिवस मोडलाच आहे. बघून तर जाऊ."

दंतविभागाच्या बाकड्यावर त्यांच्या शेजारी सोळा-सतरा वर्षांची एक पोरगी आईबरोबर बसली होती. किडलेली दाढ काढायची होती, पण परिचारिकेनं आधी तिला गोळ्या दिल्या आणि तासभर थांबा म्हणून सांगितलं. मामाला बसवत नव्हतं, तो चौकशी करायला लागला. पोरीच्या आईनं सांगितलं ते असं. लहानपणी पोरीचा घसा सारखा धरायचा, त्यातून संधिवाताचा ताप आला, तापानं हृदयाची झडप खराब केली आणि मग ऑपरेशन करून ती बदलावी लागली. आता दात काढताना तोंडातले जंतू रक्तात गेले आणि त्या झडपेवर जाऊन बसले तर जिवावरचं दुखणं होतं. म्हणून तासभर आधी औषध. डॉक्टरांनी तिला सांगितलंय, रोज दात नीट घास, नुसत्या गोळीवर भागणार नाही.

मामा म्हणाला, "दातातनं हृदयात जातंय?"

"रक्तातनं जातंय म्हणे," ती बाई म्हणाली. "रक्त सगळीकडं जातंय की ओ."

आतल्या डॉक्टरबाई पस्तिशीच्या असतील. त्यांनी मामाला खुर्चीत आडवं केलं आणि हातात एक बारीक काडी घेतली. काडीवर मिलिमीटरच्या खुणा. ती एकेका दाताच्या कडेनं हिरडीत अलगद घालायची आणि आकडा बोलायचा, बाजूची विद्यार्थिनी लिहून घ्यायची. "तीन. चार. सहा. रक्त. सात. सहा. रक्त. सात."

मामाला शरीरशास्त्र कळत नव्हतं, मिलिमीटर मात्र त्याच्या बोटांत होता. तोंडातला आरसा बाजूला झाल्याबरोबर त्यानं विचारलं, "सात काय आहे?"

"खिशाची खोली. दात आणि हिरडीच्या मधे फट असते. चांगल्या तोंडात ती तीनच्या आत असते. तुमच्या हिरड्या दातापासून सुटल्यात, खाली खिसे झालेत. त्यात कीटण आहे, पू आहे. हाड झिजत चाललंय, म्हणून दात हलतात."

"सात मिलिमीटर!" मामा उठून बसला. "सात मिलिमीटरचा फरक मागात कुणी ठेवला तर मी त्याला पाळीवर उभा नाही करणार."

"असे खिसे सगळ्या दातांभोवती आहेत," बाई म्हणाल्या. "आतली जखम उलगडून सपाट मांडली तर काडीपेटीएवढी भरेल. तेवढी पू भरलेली जखम हातावर असती तर किती दिवस घरी बसला असता?"

मामा काही बोलला नाही. पायावरची जखम तर रुपयाएवढीसुद्धा नव्हती, आणि तिच्यासाठी त्याची तीन आठवडे झोप उडाली होती.

पुढं बाईंनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. हिरडीतली ही जखम रात्रंदिवस धुमसत असते. शरीर तिच्याशी झगडत राहतं, त्या झगड्यातली रसायनं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचं काम अडवतात. म्हणून साखर चढते. उलट बाजूनं, साखर चढली की लाळ कमी होते, जंतूंशी लढायची ताकद घटते, जखम भरत नाही आणि हिरडी आणखी सडते. दोन्हीकडून ये-जा चालू. २०२२ साली कॉक्रेन या संस्थेनं मधुमेही रुग्णांवरच्या ३५ चाचण्या एकत्र तपासल्या. हिरड्यांचे नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत सरासरी साखरेचा तो आकडा सुमारे ०.४ नं उतरलेला दिसला. ऐकायला हे थोडं वाटतं. पण एखादी जादा गोळी सुरू करून डॉक्टर जे मिळवू बघतात, त्याच्या जवळपास जाणारी ही उतरण आहे, आणि इथं गोळी नाही.

मामा पेटला. त्याचा स्वभावच तसा, बिघाड सापडला की भाग काढून फेकायचा. "मग उपटा की सगळे! एकदाच कटकट मिटवा. कवळी बसवू."

बाई हसल्या आणि नाही म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं, कारण हा मामाचा मार्ग जगानं एकदा चालून बघितलेला आहे. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं कॅनडात माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात एक व्याख्यान दिलं आणि तोंडातल्या घाणीवर, दातांवरच्या सोन्याच्या टोप्यांखाली कुजणाऱ्या मुळांवर अंगातल्या नाना रोगांचा ठपका ठेवला. त्यात तथ्य होतं, पण पुढं त्याची साथच आली. सांधे दुखतात, काढा दात. पोट दुखतं, काढा दात. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या डॉक्टरनं वेड घालवायला रुग्णांचे दात उपटले, आणि दातांनी भागलं नाही तेव्हा पोटातले अवयवही काढायला सुरुवात केली. माणसं मेली. वेड होतं तिथंच राहिलं. दात उपटण्याच्या या वेडामुळं नंतरच्या डॉक्टरांनी दुसरं टोक गाठलं. तोंड आणि शरीर यांचा संबंधच बोलायचा नाही, असं बरीच वर्षं चाललं. आज कुठं मोजून मापून बोलणं सुरू झालंय. म्हणून कुणी उठून मधुमेह, हृदयविकार, गर्भवतीचं बाळ लवकर येणं, सगळं दातानंच होतं म्हणाला, तर त्यालाही खुशाल थांबवावं. मधुमेहाचा पुरावा भक्कम आहे. बाकी काही ठिकाणी दोन गोष्टी बरोबर चालताना दिसतात, एकीमुळं दुसरी होते का हे ठरायचं आहे.

अक्का भिंतीला टेकून उभी होती, मामाच्या चपला आणि फाइल धरून. ती मधेच म्हणाली, "मॅडम, साफ केले की दात हलायला लागतात म्हणे. आणि वरचे काढले की डोळे जातात."

"डोळ्यांचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. "आणि हलायचं म्हणाल तर ते आत्ताच हलतायत. कीटणानं एकमेकांना चिकटून उभे आहेत. कीटण काढलं की खरं काय ते कळतं."

चार खेपा झाल्या. पहिल्या दोन खेपांना मशिनच्या शिटीनं मामाचे कान किटले, म्हणजे बघा. सुन्न करून खिशांच्या तळापर्यंत साफ केलं. दोन दात खरंच गेले, ते वाचण्यातले नव्हते. बाकीचे राहिले. विद्यार्थिनीनं त्याला घासायला शिकवलं. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरायचा, आडवा रेटायचा नाही, फटीत छोटा वेगळा ब्रश घालायचा, आणि रात्री घासल्याशिवाय झोपायचं नाही. चोपन्नाव्या वर्षी दात घासायला शिकणं मामाला अवघड गेलं नाही. अवजार कसं धरायचं हे कुणी नीट दाखवलं की तो ऐकणारा माणूस होता. गुलकंद बंद झाला, तोही बाईंनी बरणीवरचा मजकूर त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतला तेव्हा.

उन्हाळा तोंडावर आला होता. चौथ्या खेपेला बाईंनी विचारलं, "मामा, एवढी वर्षं रक्त येत होतं. एकदाही दाखवावंसं वाटलं नाही?"

"दुखलंच नाही ओ."

थोडा वेळ तो गप्प बसला, मग कारखान्यातला आवाज काढून बोलायला लागला. "मॅडम, मागाला एक काटा असतो. आडवा धागा, म्हणजे बाणा, तो तुटला की काट्याला लागत नाही, आणि माग खट्कन् उभा राहतो. कारागीर बिडी ओढत बसला असला तरी चालतंय, माग त्याला बोलावून घेतो. पण उभा धागा, ताणा, त्याचं तसं नाही. आमच्या जुन्या मागांवर ताण्याची तार तुटली तर माग थांबत नाही. चालूच राहतो. कापड येत राहतं, त्यात एक बारीक रेघ पडत जाते. कारागिराचं लक्ष गेलं तर दोन बोटं कापड खराब, नाही गेलं तर अख्खा तागा. दाढ ठणकली असती तर मी दुसऱ्या दिवशी आलो असतो. बाणा तुटला असता तो. हे ताण्याचं निघालं."

बाईंनी हातमोजे काढता काढता त्याच्याकडं बघितलं. मग त्यांची नजर भिंतीकडं गेली. अक्का नवऱ्याचं बोलणं ऐकून हसली होती, आणि हसताना तिच्या दातांच्या कडेच्या काळ्या रेघा दिसल्या होत्या.

"अक्का, तुम्ही बसा."

"मी कशाला? माझं काही नाही."

"मिसरी लावता ना? कुठल्या बाजूला धरता?"

अक्कानं डाव्या गालाला बोट लावलं. मग बराच वेळ आढेवेढे घेऊन, पदर सावरून ती खुर्चीत बसली. गालाच्या आत, नेमक्या त्याच ठिकाणी, पांढरा चट्टा होता, मधे लालसर. बाईंनी कापसाच्या बोळ्यानं पुसून बघितला. पुसला गेला नाही.

"तिखट लागतं का झोंबून?"

"वर्ष झालं असंल," अक्का म्हणाली. "पित्त आहे."

मामा मागं उभा होता. त्याच्या हातात आता अक्काच्या चपला होत्या. वर्षभर हिनं चटणी खाल्ली नाही, हे त्याला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. त्याचा आवाज बारीक झाला. "कॅन्सर आहे का?"

"बघून सांगता येत नाही. तुकडा काढून तपासू."

तपासणीचा कागद यायला पंधरवडा लागला, आणि तो पंधरवडा मामाला साखरेच्या पाच वर्षांहून लांब गेला. कारखान्यात त्यानं दोन मागांची वेळ चुकवली, असं आजवर झालं नव्हतं. कागद आला. कर्करोग नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या. मिसरी बंद करायची, आजच, आणि दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. काही चट्टे सवय सोडल्यावर जातात, काही राहतात, काही पुढं उलटतात. ह्याचं काय होणार हे आज कुणी सांगू शकत नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मला अशा डॉक्टरांबद्दल आदर वाटतो. घाबरवणं सोपं असतं आणि धीर देणं त्याहून सोपं.

मिसरी सुटता सुटेना. पहिला आठवडा अक्काचं डोकं धरलं, चिडचिड झाली, पोट साफ होईना. सुपात समोर तंबाखू आणि दिवसभर बोटं त्यातच, अशा बाईला तंबाखू सोड म्हणणं म्हणजे काय, याचा विचार सल्ला देणाऱ्यानं जरूर करावा. दोनदा तिनं शेजारणीच्या डबीतून घेतली. मामानं पकडली तेव्हा म्हणाली, "तुमच्या गुलकंदाला मी कधी काही बोलले होते का?" त्यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. तिसऱ्यांदा मात्र शेजारणीनंच डबी दिली नाही. त्या शेजारणीला अक्कानं आपला गाल उजेडात धरून दाखवला होता.

मामाचा तीन महिन्यांचा आकडा आला ८.७. पायाची जखम त्याआधीच भरली होती. यातलं हिरड्यांमुळं किती, भाकरी परत चावायला लागल्यामुळं किती, आणि गुलकंद सुटल्यामुळं किती, याची वाटणी कुणी करू शकणार नाही. गोळ्या चालूच होत्या आणि चालूच राहणार होत्या. ८.७ म्हणजे काही पेढे वाटायचा आकडा नव्हे. शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "अजून खाली आणू." मामानं या वेळी त्याच्या मिसरुडाबद्दल काही काढलं नाही.

अक्काची पहिली तपासणी ज्या दिवशी आली, त्याच दिवशी विड्या कारखान्यात भरायच्या होत्या. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात जाईन, दिवस मोडला तर कार्डावर खाडा पडतो. मामा म्हणाला, "तू सिव्हिलला जा. विड्या मी भरून येतो." त्यानं अर्ध्या पाळीची रजा टाकली, विड्यांची टोपली मोपेडवर बांधली आणि कारखान्यावर जाऊन बायकांच्या रांगेत उभा राहिला. पाऊणशे बायकांत हा एकटा बाप्या. एकीनं विचारलं, "मामा, जॉबरकी सोडून विड्या वळायला लागला काय ओ?" हशा झाला. त्याचा नंबर आला. तपासनिसानं विड्या हातात घेतल्या, दाबून बघितल्या आणि चटाचटा बाजूला टाकायला लागला. छाट. ही ढिली, ही बारीक, हिचं तोंड नीट नाही. मामा बघत राहिला. ढिगाऱ्यातली एक विडी उचलून त्यानं दोन बोटांत फिरवली, डोळ्याजवळ धरली. मापाचं त्याला कळत होतं.

"हिच्यात काय खोट आहे, दाखवा," तो म्हणाला.

"मामा, मागं रांग आहे."

"असू दे. दाखवा मला."

मागच्या बायका हसायच्या थांबल्या. तपासनिसानं वर बघितलं, ती विडी त्याच्या हातातून घेतली, पुन्हा एकदा दाबली आणि न बोलता चांगल्या विड्यांत टाकली. मामानं ढिगातली दुसरी उचलली.